फुलीच्या टाक्यात नाताळ: देवनागरी अक्षरं, झाड आणि चांदणी, घरं मोजून

क्रॉस स्टिचचे, म्हणजे फुलीच्या टाक्याचे, नाताळचे तयार नमुने बाजारात आणि इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण त्यांतली अक्षरं बहुतेक रोमन असतात. नवापूर, विसरवाडी, चिंचपाड्याकडच्या घरांत किंवा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत मात्र दारावरच्या पट्टीवर, मुलांच्या मोज्यांवर, बायबलात ठेवायच्या खुणेवर नाव मराठीतच हवं असतं. रोमन अक्षरांचा हिशोब देवनागरीला लावला की काम फसतं. मात्रेला वर जागा उरत नाही, उकार खालच्या किनारीत घुसतो आणि हे कळतं तेव्हा अर्धं नाव भरून झालेलं असतं. म्हणून या लेखात चित्रांपेक्षा अक्षरांना जास्त जागा दिली आहे. झाड, घंटा, चांदणी कुणालाही जमते.

कापड

खान्देशात तालुक्याच्या गावी भरतकामाच्या दुकानात हमखास मिळतं ते मॅटी. रुखवतातली तोरणं, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे यांना ते उत्तम. पण मॅटीची वीण सगळीकडे सारखी नसते. घ्यायच्या आधी कापडावर आडवे ४ इंच आणि उभे ४ इंच टाचण्या लावून घरं मोजा (दोन उभे आणि दोन आडवे धागे मिळून एक घर). आडवी ४० आणि उभी ४४ भरली, तर तुमची गोल घंटा चपटी होणार आणि हिमकणाचे आडवे हात उभ्यापेक्षा लांब दिसणार. अक्षरांना एवढा फरक खपतो, गोल आकारांना नाही.

लहान अक्षरांसाठी आयडा हे फुलीच्या टाक्याचं खास कापड घ्यावं. त्याची घरं विणतानाच ठरलेली असतात आणि चारही कोपऱ्यांची भोकं स्पष्ट दिसतात. १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरं, सेंटिमीटरला साधारण साडेपाच. नवशिक्याने ११ काउंट घेतलं तरी चालेल, काम मोठं दिसेल एवढंच. १८ काउंटच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये.

माप काढायची रीत एकच आहे: नमुन्यातली घरं भागिले काउंट. ७० घरांचा नमुना १४ काउंटवर ५ इंच होतो, ११ वर साधारण ६.४ इंच. त्यात चारही बाजूंनी २-२ इंच मोकळं कापड धरून मगच कात्री लावा. हे २ इंच वाचवले तर भरतकामाची रिंग बसत नाही आणि फ्रेम करणाराही कापड परत पाठवतो. कापल्यावर कडा धाग्याने वळवून घ्या, नाहीतर आयडा दोन दिवसांत सुटायला लागतं.

सुई, धागा, रंग

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी: ११ काउंटला २२ नंबर, १४ ला २४, १६-१८ ला २६. टोकदार सुई भोकात न जाता कापडाचा धागाच चिरते, मग फुलीचा कोपरा सरकतो.

अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांची लडी ८ मीटरची, सहा पदरी असते. १४ काउंटवर २ पदर, ११ वर ३. इंचाला ८-९ घरं भरणाऱ्या जाड मॅटीवर ४ पदर लागतील, पण आधी कोपऱ्यात दहा फुल्या घालून बघा. फुल्यांमधून कापड डोकावत असेल तर एक पदर वाढवा. पदर एकेक करून वर ओढून सुटे करायचे आणि मग एकत्र करायचे. दोन्ही पदर एकदम ओढले की गुंता होतो.

नाताळला पाच रंग पुरतात. लाल: अँकर ४६ किंवा डीएमसी ६६६. हिरवा: अँकर ९२३ किंवा डीएमसी ६९९. पिवळा: अँकर ३०५ किंवा डीएमसी ७२५. तपकिरी: अँकर ३५८ किंवा डीएमसी ४३३. काळा: अँकर ४०३ किंवा डीएमसी ३१०. दोन कंपन्यांच्या छटा अगदी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे एकाच कामात लाल अर्धा एकीचा, अर्धा दुसरीचा असं करू नका. पांढरा बर्फ पांढऱ्या कापडावर दिसतच नाही. तो हवाच असेल तर कापड लाल किंवा निळं घ्या.

धागा किती लागेल? १४ काउंटवर एका फुलीला पुढून-मागून मिळून ९ मिलिमीटरच्या आसपास धागा जातो. ४५ सेंटिमीटरच्या एका सुईत सुरुवात-शेवट वजा जाता ३५ ते ४० फुल्या होतात. दोन पदरांनी भरलं तर एका लडीत १,५०० फुल्या बिनधास्त धरा. मोठं काम असेल तर लाल धाग्याच्या सगळ्या लड्या एकदम घ्या. नंदुरबारला संपली म्हणून धुळ्याहून आणलेली लडी त्याच नंबरची असली, तरी वेगळ्या वेळी रंगवलेली असू शकते आणि दिवाळीनंतरच्या उन्हात तो फरक लगेच दिसतो. लडीवरचा नंबराचा कागद शेवटपर्यंत जपून ठेवा.

दुकानात मोकळा मिळणारा चकचकीत रेशमी धागा नाताळच्या कामाला मोहात पाडतो. तो फुलीतून निसटतो आणि त्याचा लाल रंग धुण्यात हमखास सुटतो. चांदणीच्या टोकाला चार टाके, एवढीच त्याची लायकी.

सुरुवात: गाठ नाही

कापडाची चौघडी करून मध्य शोधा आणि मधोमध उभा-आडवा कच्चा धावदोरा टाका. मोठ्या कामात दर १० घरांवर असा दोरा घाला. पेन्सिल नको, तिची रेघ फुल्यांखालून करडी दिसत राहते.

दोन पदरांचं काम असेल तेव्हा लूपने सुरू करणं सगळ्यात स्वच्छ. ९० सेंटिमीटरचा एकच पदर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही कापलेली टोकं एकत्र नेढ्यातून ओवा. शेपटाकडे लूप राहील. घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढा, पण लूप मागे राहू द्या. वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली जा, मागे त्याच लूपमधून सुई काढून हलकेच ओढा. पक्कं बसतं, गाठ लागत नाही. तीन पदरांना ही युक्ती चालत नाही. तिथे मागे ३ सेंटिमीटर शेपूट बोटाने धरून पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली दाबायचं. संपवतानाही मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून धागा कापायचा. गाठ मारली तर फ्रेममध्ये तिथे टेंगूळ दिसतं आणि मॅटीच्या सैल भोकातून ती धुण्यात पुढे निसटते.

फुलीचा नियम एकच, पण मोडू नये: सगळ्या कामात वरची तिरपी रेघ एकाच दिशेला. सलग ओळीत आधी सगळे अर्धे टाके टाकत जा आणि परत येताना त्यांच्यावर उलट तिरपे टाका. सुटी फुली असेल तर तिथल्या तिथे पुरी करा. कापड फिरवून धरलं की दिशा बदलते, म्हणून कापडाच्या वरच्या कडेला एक रंगीत धागा बांधून ठेवा. दिशा चुकलेल्या फुल्यांवर उजेड वेगळा पडतो आणि भरलेल्या जागेत त्या डागासारख्या उठून दिसतात.

‘नाताळ’: पहिला शब्द

या शब्दाला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही. म्हणून शिकायला हाच घ्या. रुंदी २९ घरं, उंची ८ ओळी, फुल्या एकूण ८९. काळा चौकोन म्हणजे फुली.

■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■■
□□□□□■□□■□□□□□□□■□□■□□□□□■□□□
□□□□□■□□■□□□□□□□■□□■□□□□□■□□□
■■□□□■□□■□□□■■■■■□□■□□□■■■■■□
■■■■■■□□■□□■□□□□■□□■□□■□□■□□■
□□□□□■□□■□□■□□□□■□□■□□■□□■□□■
□□□□□■□□■□□□■□□□■□□■□□□■■□■■□
□□□□□■□□■□□□□■□□■□□■□□□□□□□□□

आधी शिरोरेघेच्या २९ फुल्या एका दमात भरा. त्यांच्यावरूनच बाकी सगळं मोजता येतं. डावीकडून मोजत ६, ९, १७ आणि २० या घरांखाली उभे दंड येतात: न चा, काना, त चा, काना. एक दंड खाली भरून झाला की पुढच्या दंडाकडे मागून सरळ उडी मारू नका. तोच धागा मागच्या टाक्यांखालून वर शिरोरेघेपर्यंत न्या, शिरोरेघेच्या पाठीमागून पुढे सरका आणि नव्या दंडावर उतरा. लाल धागा पांढऱ्या कापडामागून मोकळा गेला तर पुढून गुलाबी सावली दिसते, आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा जास्त असल्याने ती झाकली जात नाही. दोन-तीन घरांपेक्षा जास्त अंतर असेल तर धागा संपवून नव्याने सुरू करा.

न च्या डाव्या टोकाला २×२ ची गाठ आहे. एकच फुली ठेवली तर लांबून न आणि त यांत घोळ होतो. ळ च्या दोन्ही पोटांत चार-चार घरं रिकामी ठेवा, चुकून भरली तर नुसता ठिपका उरतो.

मात्रा, वेलांटी, उकार: जागेचा हिशोब

रोमन मोठ्या अक्षराला ७ ओळी पुरतात. देवनागरीला एका ओळीसाठी १५ धरा: शिरोरेघेच्या वर ४, शिरोरेघ १, अक्षराचं अंग ७, खाली ३. दोन ओळींचा मजकूर असेल तर मध्ये आणखी २ ओळी मोकळ्या सोडा. हे आलेखाच्या कागदावर आधी काढा. थेट कापडावर मोजत गेलं की चूक होते आणि ती उसवताना आयडाची घरं सैल पडतात.

मात्रा म्हणजे तीन फुल्यांची तिरपी रेघ: दंडाच्या डोक्यावर, शिरोरेघेच्या लगेच वरच्या ओळीत पहिली, मग दर ओळीला एकेक घर डावीकडे. दोन मात्रा असतील तर दुसरी दोन घरं सोडून समांतर. अनुस्वार एका फुलीचा ठेवू नका आणि शिरोरेघेला चिकटवूही नका. एक ओळ मोकळी सोडून त्यावर २×२. ‘जॉन’मधला अर्धचंद्र पाच घरं रुंद धरा: वरच्या ओळीत दोन टोकं, खालच्या ओळीत मधल्या तीन फुल्या, आणि त्याच्याही खाली एक ओळ रिकामी.

वेलांटीला कमान करताना शिरोरेघेच्या लगेच वरच्या ओळीत दोन पाय आणि त्यावरच्या ओळीत मधली सगळी घरं भरा, टोकाची दोन सोडून. म्हणजे कोपरे गोल वाटतात. पहिल्या वेलांटीचा डावा पाय तिच्या दंडावर आणि उजवा अक्षराच्या दंडावर. ‘ख्रिस्त’ भरताना इथे सगळ्यात जास्त उसवावं लागतं, कारण वेलांटी ख च्याही आधी येते. उच्चाराच्या क्रमाने ख भरून घेतला की तिला जागाच राहत नाही. नाव कागदावर लिहून डावीकडून दिसणाऱ्या क्रमाने भरा, उच्चाराच्या क्रमाने नाही.

उकार दंडाच्या पायापासून सुरू होऊन खालच्या ३ ओळींत मावतो. ‘येशू’ला या तीन ओळी लागतात. ‘रूथ’ला लागत नाहीत, कारण र चा उकार त्याच्या कमरेला लागतो, खाली नाही. नाव नुसतं ‘रूथ’ असेल तर खालच्या ३ ओळी नमुन्यातून काढून टाका, नाहीतर नाव चौकटीत वर चढल्यासारखं दिसेल. ‘मार्था’चा रफार था च्या कान्यावर बसतो, मा वर नाही. हे माहीत असूनही मोजण्याच्या नादात चुकतं.

अर्धं अक्षर असेल तर त्याचा दंड वगळा आणि ते पुढच्या अक्षराला चिकटवा, मधलं अंतर नको. पूर्ण अक्षरांमध्ये २ घरं पुरतात, दोन शब्दांमध्ये ४. शब्दांमधल्या त्या चार घरांवरून शिरोरेघ न्यायची नाही.

रोमन अक्षरं आणि मुळाक्षरांची चौकट

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी रोमन चौकट हवी असेल तर अक्षर ५ घरं रुंद, ७ उंच, मध्ये १ घर. एम आणि डब्ल्यू ७ रुंद, आय ३. प्रत्येक अक्षराला चित्रासकट २०×२० चा खण द्या, ५ खणांच्या ६ ओळी करा. ३० खणांपैकी २६ अक्षरांना, उरलेल्या ४ मध्ये झाड, घंटा, वर्ष आणि मुलाचं नाव. १०० गुणिले १२० घरं, म्हणजे १४ काउंटवर ७.१ × ८.६ इंच.

जुन्या युरोपीय नमुन्यावरून अक्षरं उतरवणार असाल तर आधी मोजून घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा नमुना तारीख असलेल्या सर्वांत जुन्या इंग्रजी नमुन्यांपैकी आहे आणि त्यातल्या अक्षरमालेत जे, यू आणि झेड नाहीत. त्या काळी तशीच रीत होती. तुम्हाला ती तीन अक्षरं स्वतः काढावी लागतील.

मराठी मुळाक्षरांची नाताळची चौकट जास्त गंमतीची होते: क केकचा, ग गव्हाणीचा, घ घंटेचा, च चांदणीचा, द देवदूताचा, म मेंढराचा. ङ, ञ, ण यांना ओढूनताणून शब्द शोधू नका, त्यांच्या खणात हिमकण भरा. इथे खण २० रुंद आणि २४ उंच घ्या.

खण भरताना अक्षर आणि चित्र मिळून १२० फुल्यांच्या आत राहिले तर रोमन चौकटीतल्या २६ अक्षरखणांचं काम सुमारे ३,१०० फुल्यांचं होतं. तासाला ८० ते १०० फुल्या धरल्या तर ३१ ते ३९ तास. रोज पाऊण तास बसणाऱ्याने घटस्थापनेला कापड कापलं आणि दिवाळीचे दिवस सोडले, तरी डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम हातावेगळं होतं. कपाशीची वेचणी चालू असलेल्या घरात हा हिशोब धरू नका, तिथे नुसती नावाची पट्टी घ्या.

झाड आणि चांदणी

एक इंच उंचीचं झाड, १४ काउंटवर. वरून खाली ओळीने फुल्या: चांदणी पिवळी १, ३, १. मग हिरवा १, ३, ५. पुन्हा आत येऊन ३, ५, ७. पुन्हा ५, ७, ९. खोड तपकिरी ३, ३. सगळे आकडे विषम आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळीचा मध्य एकाच उभ्या रांगेत येतो. मोजताना चुकलात की नाही ते या मधल्या रांगेवरून ताबडतोब कळतं. हिरव्या ४५ फुल्यांपैकी चार-पाच जागा सोडून तिथे नंतर लाल भरा. हिरव्यावर लाल चढवू नका, फुली जाड होते.

‘नाताळ’च्या दोन्ही बाजूंना ४-४ घरं सोडून एकेक झाड लावलं तर ५५ × १४ घरांची पट्टी होते: जवळपास ४ इंच लांब, १ इंच उंच. कापड ८ × ५ इंच घ्या. शब्द ८ ओळींचा आणि झाड १४ चं, म्हणून दोघांचे तळ एका ओळीत ठेवा. वर मधोमध जी जागा उरते तिथे एखादी चांदणी बसते.

रिंग, डाग, धुणं

काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिली तर गोल चुणी पडते आणि धूळ बसून ती काळी होते. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या पडायला लागल्या की पांढरं कापड ओट्यावर घेऊन बसू नये. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून आलेल्या हाताने तर कापडाला शिवूच नका. चिकाचा डाग सुरुवातीला दिसत नाही, मग तपकिरी पडतो आणि निघत नाही.

धुण्याआधी लाल धाग्याची परीक्षा घ्या: ओलं पांढरं फडकं मागच्या बाजूने दाबून धरा. रंग लागला तर काम गार पाण्याखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. मधेच वाळू देऊ नका आणि इस्त्रीही करू नका. सुटलेला रंग वाळला किंवा तापला की कापडात पक्का बसतो. मिठाने किंवा व्हिनेगरने तो थांबतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरट थर उरतो, त्यामुळे शेवटचं पाणी पिण्याचं घ्या. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. किंचित ओलं असताना जाड टॉवेलवर उपडं ठेवून मागून इस्त्री करा म्हणजे फुल्या चेपत नाहीत.

झाडावर टांगायचं लटकन करायचं असेल तर मागे फेल्ट लावा, तीन बाजू शिवा आणि कापूस भरा. कापूस घरचा असला तर पिंजून, सरकी एकही न ठेवता. सरकी दाबली गेली की तेल सुटून पुढच्या पांढऱ्या कापडावर पिवळा डाग उमटतो. बायबलातल्या खुणेला आतून काहीच भरू नका. चारही बाजूंना नमुन्यापासून ४ घरं सोडून एक बारीक उलट टाक्याची रांग घाला आणि तिच्याबाहेरचे धागे अर्धा इंच उसवून झालर करा. ती रांग घातली नाही तर झालर उसवत नमुन्यापर्यंत पोचते.

पुढच्या वर्षीसाठी ठेवताना घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर भरलेली बाजू बाहेर करून गुंडाळा आणि वरून जुनं सुती कापड लावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.